मुलाच्या डोक्यातलं तारण

शाळा उघडायचे दिवस जवळ आले, की घरोघरी एक हिशेब सुरू होतो. वह्या-पुस्तकं, गणवेश, रिक्षावाले काका, क्लासची फी, आणि गेल्या काही वर्षांत त्यात भर पडलेली मोबाइलवरच्या शिकवणीची वर्गणी. बेरीज झाली, की घरातला कर्ता माणूस एक सुस्कारा सोडतो आणि स्वतःचीच समजूत घालतो, ‘‘शिक्षणावरचा खर्च म्हणजे खर्च नव्हेच. ती गुंतवणूक असते.’’ हे वाक्य आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्यामागे अर्थशास्त्रातला एक मोठा विचार उभा आहे हे कोणाच्या गावीही नसतं. पण गुंतवणूक म्हटली की पुढचे प्रश्न ओघानं येतातच. गुंतवणूक नेमकी कशात केली? ती वाढते आहे, की नुसती पडून आहे? पाच ग्रॅमची अंगठी घेताना चार सराफांकडे चौकशी करणारे आपण, हे प्रश्न शाळेच्या दारात मात्र विचारत नाही.

तो विचार मांडला थिओडोर शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञानं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून १९६० साली त्यांनी जे भाषण केलं, त्याचा विषयच ‘मानवी भांडवलातली गुंतवणूक’ हा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपानमधले कारखाने बेचिराख झाले होते. हे देश सावरायला फार काळ लागेल, असा जाणकारांचा होरा होता. प्रत्यक्षात ते बघता बघता उभे राहिले. होरा चुकला, कारण हिशेब मांडणाऱ्यांनी पडलेल्या भिंती आणि मोडलेली यंत्रं मोजली; ती यंत्रं पुन्हा घडवू शकणारी माणसं मोजली नाहीत. शुल्ट्झना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. याच विषयावर १९६४ साली ग्रंथ लिहिणाऱ्या गॅरी बेकर यांना ते १९९२ साली मिळालं. माणसाला ‘भांडवल’ म्हणणं अनेकांना रुचणार नाही, गुलामांच्या बाजाराची आठवण करून देईल, हे शुल्ट्झनाही ठाऊक होतं. कादंबरीकार म्हणून मलाही तो शब्द खटकतो. पण माझी उमेदीची सगळी वर्षं बँकेत गेली. दिवसा कर्जाच्या फायली आणि रात्री कादंबरीची पानं, असा संसार मी केला. त्यामुळे एका कानाला खटकणारा शब्द दुसऱ्या कानानं ऐकून घ्यायची सवय मला आहे.

त्या बँकेच्या कानाची एक गोष्ट सांगतो. २००१ साली देशातल्या बँकांसाठी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. त्या मूळ योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असं ठरलं. वाचकांना ही बाब किरकोळ वाटेल, पण आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना तो लहानसा धक्काच होता. तारणाशिवाय कर्ज म्हणजे बिनछपराचं घर. आमचे एक वयस्कर सहकारी परिपत्रक दोनदा वाचून म्हणाले होते, ‘‘म्हणजे आता सात-बारा नाही, दागिना नाही, तर पोराचं डोकंच तारण धरायचं म्हणा!’’ ते थट्टेनं बोलले, पण अगदी नेमकं बोलले. त्या डोक्यात काय आहे हे ठरवायला आमच्यापाशी मात्र गुणपत्रिकेपलीकडे काही नव्हतं. जमिनीचं मूल्यांकन करायला आम्ही शेतावर जात होतो, विहिरीचं पाणी बघत होतो, बांधावरची झाडं मोजत होतो. डोक्याचं मूल्यांकन एका कागदावर आटपत होतं.

गुणपत्रिका खोटी नसते, पण ती अपुरी असते. हे मला त्याच्याही वीसेक वर्षं आधी, कृष्णाकाठच्या एका खेड्यातल्या शाखेत दिसलं होतं. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. गरीब कुटुंबांना म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन यांसाठी कर्ज आणि अनुदान मिळत असे. एकाच आठवड्यात दोन बायकांना मशीनसाठी कर्ज दिलं. मशीन त्याच कंपनीचं, प्रशिक्षण तेच, रक्कम तीच. वर्षभरानं तपासणीला गेलो, तर एकीच्या घरी मशीनवर चादर घातलेली आणि चादरीवर धान्याचं पोतं. तिला परकर-पोलकी शिवायला शिकवलं होतं. गावात ती शिवणाऱ्या आधीच चौघी होत्या. दुसरीच्या अंगणात मात्र ट्रॅक्टर उभा! ऊस हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या फाटक्या गाद्या तिनं पाहिल्या होत्या. रेक्झिन मागवलं, जाड सुई मिळवली, दोन गाद्या बिघडवल्या, तिसरी जमली. मग ट्रॉलीवरच्या ताडपत्र्यांची शिलाईही तिच्याकडेच येऊ लागली. कर्ज मुदतीआधी फिटलं. ही बाई चौथी शिकलेली होती आणि पहिली सातवी.

आमच्या दप्तरात दोघींच्या नावापुढे मालमत्ता एकच लिहिली होती, शिलाई मशीन एक. दुसरीपाशी जे जास्तीचं होतं, त्यासाठी रकानाच नव्हता. आजूबाजूला बघणं, जे आहे त्यात काही कमी आहे हे ओळखणं, आपल्याजवळच्या तुटपुंज्या साधनांची नवी जुळणी करणं, आणि दोन गाद्या बिघडल्या तरी तिसरी शिवायला घेणं. सर्जनशीलता या भारदस्त शब्दाचा माझ्या लेखी अर्थ एवढाच आहे. तिचा चित्रकलेच्या स्पर्धेशी किंवा स्नेहसंमेलनातल्या नाचाशी संबंध असेलही, पण ती तिथे संपत नाही. कविता करणारा मुलगा सर्जनशील आणि नळाची गळती थांबवणारा मुलगा ‘हाताने बरा’, ही आपण केलेली वाटणीच मुळात चुकीची आहे.

मग ही गोष्ट शाळेत शिकवता येते का? निदान तिला वाव तरी देता येतो. मी चौथीत असताना आमच्या गुरुजींनी ‘माझी आई’ या विषयावर निबंध घेतला. एक्केचाळीस आयांपैकी अडतीस प्रेमळ, कष्टाळू आणि पहाटे पाचला उठणाऱ्या निघाल्या. सगळ्यांनी एकाच निबंधमालेतून उतरवलं होतं. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘उद्या घरातल्या एका भांड्यावर लिहा. असं लिहा, की ते भांडं दुसऱ्या कोणाच्या घरी असूच शकणार नाही.’’ आमच्याकडे पोचा आलेलं एक पितळी घंगाळ होतं. आजीला विचारलं, तेव्हा कळलं की पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, वाड्याच्या माडीवर सामान चढवताना ते जिन्यावरून पडलं होतं. मग पूर आला, वाडा आला, त्या रात्री कोण कुठे झोपलं तेही आलं. पुस्तकात नसलेली गोष्ट माणसांना विचारून काढावी लागते, हे मी त्या दिवशी शिकलो. त्या निबंधाला साधनं किती लागली? एक प्रश्न आणि एक दिवस.

असे गुरुजी तेव्हाही होते, आजही आहेत. अडचण अशी, की त्यांची गोष्ट व्यवस्थेत शिरली की तिचा तास होतो. आपल्या देशात हे वारंवार घडलं आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम बांधला. सूत कातताना गणित, भूगोल, इतिहास सगळं त्या धाग्याला जोडून शिकायचं, अशी ती कल्पना. पुढे कित्येक शाळांत टकळी उरली आणि धागा तुटला. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कार्यानुभवावर भर दिला. त्याचं काय झालं ते प्रत्येक आईला ठाऊक आहे. रात्री साडेनऊला चिरंजीव सांगतात, ‘‘उद्या कार्यानुभवाची वस्तू न्यायची आहे.’’ मग आई कागदाची फुलं करते, बाबा डिंक शोधतात, आणि चिरंजीव झोपतात. कार्य आईचं, अनुभव बाबांचा आणि गुण मुलाचे!

पण याला एक वेगळं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात सापडलं आहे. पाबळ हे अवर्षणप्रवण भागातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि नंतर हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांनी काम केलं. पन्नाशी उलटल्यावर ती वाट सोडून १९८३ साली त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांनी नावारूपाला आणलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे केंद्र. ‘आश्रम’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, ते इथे नाही. इथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, शेळ्यांची वजनं होतात, मातीची तपासणी होते.

कलबागांचं निदान साधं होतं. शाळेतून गळणारी मुलं मठ्ठ नसतात. हातानं काम करत शिकण्याची माणसाची जी नैसर्गिक रीत आहे, ती शाळेनं बंद केल्यामुळे ती गळतात. म्हणून त्यांनी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम बांधला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. प्रत्येकानं चारही शिकायचे. हायस्कुलांसाठी आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस असा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला आणि पुढे राज्यातल्या अनेक शाळांत गेला. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मुलांचं काम गावासाठी असतं. ते खऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचं असतं, त्याचा खर्च काढायचा असतो आणि हिशेब लिहायचा असतो. बँकवाल्याच्या मनात भरेल अशीच ही शाळा!

अशा कामातून शिक्षण कसं होतं, त्याचं एक उदाहरण मांडतो. समजा, गावातल्या कोणाला परड्यासाठी तीन फूट रुंद आणि चार फूट उंच लोखंडी फाटक हवं आहे. चौकटीला तीन अधिक चार, त्याची दुप्पट, म्हणजे १४ फूट अँगल लागणार. दुकानात अँगल सहा मीटर लांबीचा मिळतो, म्हणजे वीस फुटांना थोडा कमी. पंचवीस मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला सुमारे १.१ किलो भरतो. तेव्हा पूर्ण लांबीचं वजन साडेसहा किलोच्या आसपास. लोखंड किलोवर मिळतं, त्यामुळे किंमत निघाली. चौकट जोडली, फाटक बसवलं. थोड्याच दिवसांत त्याचा बिजागरीपासून लांबचा कोपरा खाली लोंबतो आणि फाटक जमिनीला घासू लागतं. गिऱ्हाईक तक्रार करतं. आता काय?

आता मुलांनी नीट बघायचं. चार बाजूंची चौकट तिरपी होऊ शकते, त्रिकोण होत नाही. म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी हवी. ती किती लांब? तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस; म्हणजे पाच फूट. आणि मघाच्या अँगलमधून उरलेला तुकडा किती? साडेपाच फुटांहून थोडा जास्त! नवीन लोखंड आणायलाच नको. पायथागोरसचं प्रमेय आपण सगळ्यांनी घोकलं, पण ते आपल्यापैकी कितीजणांना भंगारात जाणाऱ्या तुकड्यात दिसलं? गवंडी दोरीला तीन, चार आणि पाच अशी मापं घेऊन पायाचा काटकोन काढतो, तेव्हा तो हेच प्रमेय वापरतो. या फाटकात भूमिती आहे, पदार्थविज्ञान आहे, मराठीत लिहिलेलं दरपत्रक आहे, गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत आहे. शिवाय पहिला प्रयत्न फसणं हा त्या अभ्यासाचाच भाग आहे. तिथे लाल शाईची भीती नाही. फाटकच सांगतं, चुकलं म्हणून.

पाबळची वाट पुढेही चालू राहिली. घडीव त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभी राहणारी घुमटाकार घरं तिथे विकसित झाली. ‘पाबळ डोम’ या नावानं ती ओळखली जातात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या पुढाकारानं निघालेल्या ‘फॅब लॅब’ नावाच्या आधुनिक कार्यशाळांपैकी अगदी सुरुवातीची एक २००२ च्या सुमारास पाबळला आली. मोठमोठी शहरं सोडून ती या दुष्काळी गावात आली, याचं कारण तिथे हात आधीच तयार होते. कलबाग २००३ साली गेले. काम थांबलं नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. सर्जनशीलता वगैरे भरल्या पोटाच्या मुलांसाठी ठीक आहे. गरिबाच्या मुलाला आधी लिहिता-वाचता येऊ द्या. आक्षेपाचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. पाया इतका कच्चा असताना वर नक्षीकाम काय करायचं? पण वाचन आधी आणि विचार मागून, असा क्रम मुलांच्या बाबतीत खरा नाही. फाटकाचं दरपत्रक लिहायची वेळ आली, की भागाकार आणि जोडाक्षरं दोन्ही गळ्यात येतात आणि शिकावी लागतात.

आक्षेपाच्या पहिल्या भागाला तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कधीच उत्तर देऊन ठेवलं आहे. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. परदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले. मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून अंगणात बालवाडी भरवली. वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं म्हणून मुली येत नव्हत्या, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. यात सर्जनशील कोण, मुलं की शिक्षिका? दोघंही. आणि माझ्या मते क्रम असाच लागतो. स्वतः काही नवं करून बघायची मुभा नसलेला शिक्षक मुलांना ती मुभा देऊ शकत नाही. माहितीचे तक्ते आणि फोटो पाठवण्यात ज्याचा दिवस जातो, त्याच्याकडून पोच्याच्या घंगाळाचा निबंध कसा निघावा? मानवी भांडवलाच्या गप्पांत शिक्षक हेही भांडवल आहे, हे आपण विसरतो.

दुसरी मेख परीक्षेची. बँकेत एक साधा नियम असतो, व्याज जिथे जास्त तिथे ठेवी जातात. मुलांचा वेळ ही त्यांची ठेव, आणि परीक्षा हा व्याजदर. पाठांतराला गुण द्यायचे आणि मुलांनी विचार करावा अशी अपेक्षा धरायची, हे काही जमायचं नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, पुढे एकलव्य संस्थेनं सांभाळला. तिथे मुलं सहावी ते आठवीचं विज्ञान स्वतः प्रयोग करून शिकत. आणि परीक्षेला? पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी. उतरवून काढता येईल असा प्रश्नच नसे. १९७८ साली याच कार्यक्रमात काही काळ काम करायला आलेल्या अरविंद गुप्ता या तरुण अभियंत्यानं सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या यांतून भूमितीचे आकार जोडून दाखवले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या त्यांच्या टाकाऊतल्या खेळण्यांनी मुलांच्या कैक पिढ्यांना वेड लावलं. तो होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ साली राज्य सरकारच्या निर्णयानं बंद झाला. तीस वर्षांची ठेव एका आदेशानं मोडली गेली.

हे सगळं आत्ताच निकडीचं का, त्याचंही उत्तर माझ्या जुन्या धंद्यात आहे. मी बँकेत लागलो तेव्हा लेजरच्या लांबच लांब रकान्यांची तोंडी बेरीज करणारा कारकून म्हणजे शाखेचा हिरा असे. सव्वा रुपयाचा फरक शोधण्यात रात्रीचे दहा वाजत. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीनं बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखली, मग संगणक आले, पुढे कोअर बँकिंग आलं. हिऱ्यांची किंमत एका रात्रीत उतरली. टिकले ते, ज्यांना बेरजेच्या पलीकडचा खातेदार दिसत होता. हिशेबाच्या भाषेत याला घसारा म्हणतात. यंत्राला घसारा लागतो, तसा कौशल्यालाही लागतो. आज कृत्रिम बुद्धिमत्ता निबंध लिहिते, गणितं सोडवते, कर्जाचा प्रस्तावही तयार करते. ‘माझी आई’चा निबंधमालेतला निबंध ती आपल्या मुलांहून झकास लिहील. घंगाळाला पोचा कसा आला हे मात्र आजीलाच विचारावं लागेल, आणि विचारायचं सुचावं लागेल. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली प्रथमच सर्जनशील विचारांची परीक्षा झाली. एके काळी पाठांतरासाठी आणि परीक्षांच्या धाकासाठी ओळखलं जाणारं सिंगापूर त्यात पहिलं आलं. भारत त्या चाचणीत नव्हता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकायला पाठवावं, असं म्हटलं आहे. कागदावर उत्तम आहे. पण टकळीचं आणि कार्यानुभवाचं जे झालं, ते याचं होऊ नये यासाठी एकच कसोटी लावावी. त्या दहा दिवसांत मुलानं कोणाच्या तरी उपयोगाची वस्तू केली का, आणि ती फसली तेव्हा त्याला दुसऱ्यांदा करायला वेळ मिळाला का? तसं झालं नसेल, तर ती सहल होती असं खुशाल समजावं.

सरकारनं आणि शाळेनं करायचं ते करोत. घरालाही काही करता येईल. मुलाला ‘काहीतरी क्रिएटिव्ह कर’ असं सांगू नका. त्यानं तो बिचारा आणखी गोंधळतो. त्याला एक गिऱ्हाईक द्या. समजा, आजीच्या सकाळ-दुपार-रात्रीच्या गोळ्यांचा घोटाळा होतो. त्याला म्हणा, तू काहीतरी उपाय काढ, खर्च पन्नास रुपयांच्या आत बसव आणि हिशेब लिहून दे. तो काड्यापेट्या चिकटवून खण करील, त्यांवर सुबक अक्षरात वेळा लिहील. दोन दिवसांनी आजी सांगेल, अक्षर बारीक आहे, चष्म्याशिवाय दिसत नाही. शिवाय ओल्या हातानं पेटीचा लगदा झालाय. इथे तोंडातून शब्द न काढणं हे आईबापांचं सर्वांत अवघड काम. उपाय आपल्याला सुचलेला असतो, आणि तो सांगून टाकायला जीभ शिवशिवत असते. सांगू नका. आजीजवळ बसून तिला काय दिसतं, काय चाचपता येतं, हे त्यालाच विचारू द्या. त्यासाठी शनिवारचा एखादा क्लास बुडला, तरी बुडू द्या. दुसरी पेटी तो त्याच्या मनानं करील, आणि बहुधा ती चांगली होईल.